तेरवी, आणि आजोबांना दिलेला शब्द

बाळांनो, त्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर माझ्याचसाठी भांडत होतात आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. दमले होते. आजही दमलेलीच आहे, पण पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

आजोबांनी दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं होतं, "माझी तेरवी करायची नाही. शब्द दे." मी दिला. जन्मभर ते कुणाच्या तेरवीला जेवले नाहीत. मयताच्या घरी पंगती उठवणं त्यांना पटत नसे, आणि त्यांचं ऐकून आपल्या गावातल्या, किन्हीराजातल्या, काही घरांनी ती बंदही केली होती. "त्या लोकांना मी काय तोंड दाखवू?" असं म्हणाले. जणू गेल्यावरही त्यांना गावात फिरायचं होतं.

तेरावा दिवस मी तसाच जाऊ दिला. आजोबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, गोड सोडलं. आई लवकर गेल्यामुळे त्यांनीच आजोबांना वाढवलेलं. आपल्याकडे तेरवीला गोडाचा घास घेतला की दुखवटा उतरतो. त्यांच्या लेखी तो उतरलाच नव्हता. स्वतःच्या नातीच्या लग्नात मांडवाच्या कडेला बसून राहिल्या, ताट वाढू दिलं नाही. पुढे पुढे भाकरीही अर्धी राहू लागली. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी वाशीमहून भेटायला गेले की म्हणायच्या, "दिवस गेला तं गेला. जेवन होऊ दे. तो उपाशी फिरून राह्यला, अन् तू मले जेव म्हनतं?"

मी कॉलेजात इंग्रजीतून नीतिशास्त्र शिकवलं. घरी आजोबांशी त्याच विषयावर संसारभर वाद. ते म्हणत, दिलेला शब्द पाळायचा, परिणाम काही होवो. मी म्हणे, ज्याने कुणाचं दुःख कमी होतं ते योग्य. शेजारच्या मुलीच्या सोयरिकीत पाहुण्यांना खरं सांगावं की नाही, यावरून एकदा आमची भाजी करपली होती. आता शब्द पाळला तर त्यांचं म्हणणं खरं ठरत होतं, मोडला तर माझं. आणि वाद जिंकून सांगायला समोर कुणी नव्हतं.

तुम्ही तेच फोनवर पुन्हा मांडलंत. दादा म्हणाला, "आजी, गेलेल्या माणसाला दुखत नाही. जिवंत आहेत त्यांचं बघ." छोटी म्हणाली, "म्हणजे माणूस मेला की शब्द मोडायला मोकळे? मग कुणी शब्द मागावाच कशाला?" दादा म्हणाला, नीट विचार केला तर दोन्हींकडून एकच उत्तर निघतं. "मग काढ ना!" छोटी म्हणाली. तर म्हणे, नेट जातंय.

मी मात्र काढलं. शेतात रोडग्यांचं जेवण करायचं. भटजी नाही, पंगत नाही, गावाला निरोप नाही, फक्त घरची माणसं. तेरवी हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. म्हणजे आजोबांचा शब्दही राहील आणि ताई गोडही खातील. गणित सुटल्यासारखं वाटलं मला.

गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली. ताईंचा मुलगा वाढत होता. ताईंनी रोडगा फोडून तूप-गूळ कालवला, घास उचलला आणि थांबल्या.

"काय व मास्तरीन, हे जेवन कायचं हाये?"

"सगळे जमलो ना, म्हणून."

"सगळे तं दिवाळीलेई जमते. मले घुमवू नको. त्याची तेरवी हाये का नाई?"

मुलगा वाढायचा थांबला. माझं उत्तर तयार होतं. "तुम्हाला वाटत असेल तसं समजा, ताई."

"माह्या वाटन्यानं होते का? तू त्याची बायको. तू सांग."

घास तसाच हातात. तूप मनगटापर्यंत ओघळलेलं.

"हो ताई," मी म्हणाले. "तेरवी आहे."

त्यांनी डोळे मिटले, घास तोंडात घातला, बराच वेळ चावत राहिल्या. मग मुलावर ओरडल्या, "तूप काहून एवढं जपून वाढून राह्यला? तुह्या मामाचं जेवन हाये!"

ताई आता दोन्ही वेळा जेवतात. तुमचे दोन्ही युक्तिवाद मी अजून मनात मांडून बघते. दोन्ही बरोबर येतात, आणि एकमेकांना मिळत नाहीत. माझं ते सुटलेलं गणित एका सरळ प्रश्नापुढे टिकलं नाही.

परवा एसटी स्टँडवर किन्हीराजाचे एक जण भेटले. आजोबांचं ऐकून त्यांनी वडिलांची तेरवी केली नव्हती, भावकी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

"मॅडम, सरांची केली म्हने?"

"हो, केली."

"मंग आमी..." एवढंच म्हणाले. मग पिशवी उचलून गाडीकडे गेले. मी बाकावर बसून राहिले. माझी गाडी लागली होती, पण उठवेना.