विहीणबाईंच्या केकमधला खडा

आमच्या लेकीने फ्रेंच मुलगा पसंत केला तेव्हा मला एकच काळजी होती, विहीणबाईंचं नि आपलं जमणार कसं? जानेवारीत त्या कार्डिफला आमच्याकडे आल्या आणि आल्या आल्या माझं किचनच ताब्यात घेतलं. ख्रिसमस उरकला तरी या लोकांचं खाणं काही उरकत नाही. दुपारी एकला बसलो ते चारला कुठे चीज आलं! तेवढ्यात आपल्याकडे लग्नाच्या तीन पंगती उठतात.

शेवटी आला बदामाचं सारण भरलेला गोल, खुसखुशीत केक. त्यात चिनी मातीची इवलीशी कोंबडी लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल तो राजा. कागदी मुकुट त्याला, आणि पुढच्या वर्षी केक खायला सगळ्यांना बोलवायचं त्यानेच. ही कोंबडी विहीणबाईंच्या आईची होती. वाटणीत लबाडी नको म्हणून सगळ्यात लहान माणसाने टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाला ते सांगायचं. आमच्यात सगळ्यात लहान होणारे जावईबापू, उंची सव्वासहा फूट! बिचारा स्वतःची घडी घालून आत शिरला आणि टेबलच हलायला लागलं.

एवढ्यात आमचे हे हॉस्पिटलमधून आले, उपाशी. "सॉरी, सॉरी" करत बसले, समोरचा तुकडा चार घासांत संपवला, आणि वॉर्डवरून फोन आला म्हणून हॉलमध्ये गेले.

इकडे कोंबडी कोणालाच सापडेना. "आई, तुझ्या केकमध्ये नाही?" लेक मला विचारतेय. मी कुठली लपवायला! शोधता शोधता आम्ही उरलेला केकही फस्त केला. जावई टेबलाखाली रांगत चुरा चिवडत होता.

विहीणबाईंचा चेहरा पार उतरला. "नवरा गेल्यापासून मी एकटीच कापते," त्या इंग्लिशमध्ये हळूच म्हणाल्या. "छोटासा आणते. दरवर्षी मीच राणी. वाटलं होतं, यंदा दुसरं कोणीतरी मला बोलावेल."

आपल्याच हाताने आपल्या डोक्यावर मुकुट घालायचा, म्हणजे काय!

हे आत आले तशी मी फणकारले, "बसा आता! केक संपला, पण त्यातली चिनी मातीची कोंबडी काही मिळाली नाही."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. खिशातून टिश्यूची पुरचुंडी काढली. "अगं, मला वाटलं खडा लागला."

झालं! सासूबाईंची शिकवण. जेवताना खडा लागला तर गुपचूप काढून ठेवायचा, करणारीला कळू द्यायचं नाही. एवढे मोठे डॉक्टर, पण खडा की कोंबडी हे बघायचं सुचलं नाही.

मी समजावून सांगितल्यावर विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मुकुट ह्यांच्या डोक्यावर ठेवला. तो टकलावरून घसरून नाकावर आला. तशाच अवतारात हे गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या जानेवारीत केक आमच्याकडे. तुम्ही यायचंच."

विहीणबाई उठल्या. कोंबडी नळाखाली धुतली, पदराने पुसावी तशी एप्रनने पुसली. मला वाटलं, आता पर्समध्ये ठेवतील. त्यांनी माझा मिसळणाचा डबा उघडला आणि ती मोहरीच्या वाटीत बसवून दिली.

"राहू दे इथेच," म्हणाल्या. "मी येईपर्यंत."