नाचणीचा घोट

मुलाने ग्लास पुढे केला तेव्हा मी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ग्लासकडे. गडद तांबूस रंग, वर दाट फेस.

"बाबा, इंग्लिश पद्धतीची एल आहे. बिअरच, पण चांगली कडक. नाचणी घालून केलीय."

त्याचा हा बिअरचा कारखाना मला पहिल्यापासून पटलेला नाही. त्यात आता नाचणी! मी वास घेतला. आंबूस, आणि त्याखाली भाजलेल्या पिठाचा ओळखीचा वास. अशा ठिकाणी ओळखीचं काही निघालं की माझा संशय उलट वाढतो.

"मोड आणलेली का?" मी विचारलं.

"हो, मोड आणून, वाळवून, भाजून."

अगदी तशीच मी करायचो. त्याची आई सकाळच्या ड्यूटीला गेली की याला नाचणीचं सत्त्व भरवायचं काम माझ्याकडे असे. चमचा जवळ नेताना माझंच तोंड आपोआप उघडायचं. हा मात्र ओठ घट्ट मिटून असा बघायचा, जणू मी त्यात काही कालवलंय. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. भरवणाऱ्याला चव ठाऊक असते, खाणाऱ्याला नुसता चमचा दिसतो.

"एकच घोट, बाबा."

हे वाक्यसुद्धा माझंच.

मी ग्लास ओठांना लावला. आधी कडू लागलं, मग घशात ऊब, शेवटी मातकट गोडी. आवडली की नाही, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. पण घोट घेताना ग्लासच्या कडेवरून पाहिलं, तर त्याचं तोंड उघडं होतं.