कल्पनाताईंनी सरळ केलेली वाट

कल्पनाताईंच्या गावाहून, एकोडीहून फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या सर्व्हर खोलीत होते. त्यांचा भाऊ बोलत होता. ‘‘ताई गेली…’’ महिना उलटला, अजून त्यांच्याविषयी बोलायला बसलं की आधी थकवाच येतो.

भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलेजचं नेटवर्क आम्ही दोघी सांभाळायचो. प्रत्येक विभागाच्या संगणकांचं जाळं वेगळं. जाळ्याच्या आतले संगणक जोडायचं काम स्विच हे यंत्र करायचं, पण एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचं तर माहितीला मुख्य इमारतीतल्या एकुलत्या राऊटरकडे, म्हणजे जाळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या यंत्राकडे, जाऊन परत यावं लागे. परीक्षा विभाग आणि लेखा विभाग एका भिंतीला लागून, तरीही. निकालाच्या दिवसांत सगळं अडकायचं, आणि ओरडा ताईंना. राऊटरचंही काम स्वतःच करणारा स्विच घ्या, असं त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. सचिव म्हणायचे, ‘‘दोन्ही हायेत ना, मग आणखी कायले?’’

‘‘सर, बाजूच्या घरी भाजीची वाटी द्यायले कोणी साकोलीले जाऊन येते का? आपण तेच करून राहिलो,’’ ताई सांगायच्या.

अखेर तो स्विच आला, तोवर ताईंचं डायलिसिस सुरू झालं होतं. स्टुलावर बसून त्या सांगत गेल्या, मी टाईप करत गेले. परीक्षा विभागातून लेखा विभागाची फाईल झटकन उघडली. ‘‘झालं बाई,’’ म्हणून त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

अडचणी संपल्या, तसं काम कमी झालं. आता एकच माणूस पुरे, असं ठरलं. सचिवांनी दोघींना बोलावलं. मी तोंड उघडण्याआधीच ताई म्हणाल्या, ‘‘माह्याच्यानं नाही होत आता, सर. हिले ठेवा.’’

बाहेर आल्यावर मी चिडले. ‘‘काहून असं बोलल्या तुम्ही?’’

‘‘थकली वो मी. खरंच थकली.’’

ते खरं होतं, की माझ्यासाठी होतं… मला आजही कळलेलं नाही.

शेवटची भेट एकोडीला, त्यांच्या अंगणात. धानाची कापणी चालू होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. ‘‘निकालाच्या दिवशी अडकलं का?’’ त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. ‘‘कोणी काही बोललं?’’

‘‘कोणाच्या ध्यानातही आलं नाही, ताई.’’

‘‘मंग बरं झालं,’’ म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

सर्व्हर खोलीतल्या एसीची थंडी हाडात शिरते. त्यांचं राखाडी स्वेटर दारामागच्या खिळ्यावर राहून गेलंय. पाठवून देऊ का, असं त्यांच्या भावाला विचारलं, तर म्हणाला, राहू द्या तिथंच. आता मीच घालते. बाह्या लांब होतात, दुमडून घेते आणि कामाला लागते.