बाळंतीण नसताना

लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि त्या वर्षी रोवणा संपला तेव्हा पाठही धड उरली नव्हती. वीस दिवस चिखलात वाकून धानाची रोपं लावली होती. सकाळी आधी कुशीवर वळायचं, मग खाटेची कड धरायची, मग कसंबसं उभं राहायचं. दवाखान्यातल्या गोळ्यांनी झोप यायची, पाठ तशीच.

शेजारची सून बाळंत झाली होती. तिला चोळायला सालेकशाकडच्या जंगलातली एक गोंड बाई रोज येई. भिंतीपलीकडून उकळत्या निरगुडीचा आणि तापवलेल्या मोहाच्या तेलाचा वास आला की माझे खांदे आपोआप सैल पडत. एके दुपारी मी तिला फाटकाशी थांबवलं.

"मावशी, मलेही चोळून देशील का?"

"किती दिवसाची बाळंतीण?"

"बाळंतीण नाही. आता होईन असंही वाटत नाही. पाठ दुखून राहिली."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाठ आहे ना? मंग झालं. उद्या निरगुडीचा पाला तोडून ठेव."

सासूबाईंनी पाला पाहिला आणि भडकल्या. "तुले काय पोट्टं झालं का वं, चोळून घ्याले? लोक हासतीन!"

नवरा हळूच म्हणाला, "दार तरी लावून घे."

"काऊन? मी काय चोरी करून राहिली?"

मधल्या खोलीत चटई टाकली आणि दार सताड उघडं ठेवलं. सासूबाई ओसरीत पाठ करून बसल्या. मावशीने कोमट तेल कमरेवर ओतलं, अंगठ्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी वर सरकत गेली. एका गाठीशी थांबली.

"येवढं दुखत होतं तं आधी काऊन नाही बोलावलं?"

"लेकरू नसलेल्या बाईले कोण चोळते?"

"रोवणा काय लेकरवाल्याच लावतात?"

ओसरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी हसले. हसता हसताच रडू फुटलं. चौदा वर्षांत माझ्या अंगाची चौकशी सगळ्यांनी केली होती, पण एकाच गोष्टीसाठी. मावशीने निरगुडीच्या गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून पाठीवर पसरलं आणि ते निवेपर्यंत तळवे दाबत बसली. त्या दुपारी मी दिवसाढवळ्या झोपले. उठवायची कुणाची हिंमत झाली नाही.

सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हापशीवर मात्र सगळ्यांना सांगून आल्या. त्याचा परिणाम त्यांना नको होता तोच झाला. चौथ्या दिवशी रोवण्यातल्या दोघी दारात उभ्या. एक चाळिशीची, लग्न न झालेली. दुसरी विधवा. विधवा पालथी पडली तेव्हा पुटपुटली, "नवरा गेल्यापासून आंगाले कोनाचा हात लागला नाही." मावशीने तेल पुन्हा निखाऱ्यावर ठेवलं.

आता दरवर्षी रोवणा झाला की मावशी तीन दिवस आमच्याकडे मुक्कामाला असते. पाठ पूर्ण बरी झाली असं नाही, थंडीत अजून धरते. सासूबाई ते तीन दिवस लेकीकडे जातात. मी त्यांची पिशवी भरते, एसटीपर्यंत सोडून येते, आणि घरी येऊन मोठ्या गंजात पाणी तापत ठेवते.