पदर हलवणारी बाई

गेल्या रविवारी संध्याकाळी मारुंजीतल्या आमच्या सोसायटीत एका चित्रकार बाईवर अन्याय झाला. क्लबहाऊसमध्ये हाताने काढलेल्या चित्रांचा मराठी सिनेमा लावला होता. बड्या परदेशी स्टुडिओचा नव्हे, इथल्याच माणसांनी खपून केलेला. ती पिरंगुटहून सासूला घेऊन आली होती. सिनेमाभर तिची बोटं मांडीवर कागद चाळल्यासारखी हलत होती. शेवटी नावांच्या पाट्या पडायला लागल्या आणि सेक्रेटरींनी प्रोजेक्टर बंद केला.

"लावा परत," ती म्हणाली. "माजं नाव यायचं हाय."

"ताई, पिक्चर संपला. पाट्या कोण बघतं?"

"त्यातल्या म्हातारीचा पदर वाऱ्यावर हलतो न्हवं? तो मी हलवलाय, कागदामागं कागद काढून. ह्या सासूबाई त्याला रेघोट्या म्हणत्यात. त्यांना नाव दाखवायला आणलंय."

सेक्रेटरी हसत वायर गुंडाळू लागले.

मी तिला नाव विचारलं.

"तोंडानं न्हाई सांगणार. पडद्यावर आलं की वाचा."

म्हणून इथे तिचं नाव नाही. यापुढे पाट्या पडू लागल्या की खुर्ची सोडू नका, आणि कुणी प्रोजेक्टर बंद करायला गेलं तर त्याचा हात धरा.