अंगणातली बोटीची मोटर

औंढ्याचा सोपान मोटरींची नाडी बघतो. आधी शेतातले पंप दुरुस्त करायचा. पवना धरणाकाठी तंबू लागले, बोटी आल्या, तेव्हापासून बोटीच्या मागे लावायच्या मोटरी त्याच्याकडे येतात. जुनी मोटर घेणारा आधी सोपानला विचारतो. माणूस हुशार, पण तोंडाला झाकण नाही. माझी स्कूटर तपासून त्याने मला, तुंगार्लीतल्या एका निवृत्त मास्तराला, बायकोसमोर सांगितलं होतं, "मास्तर, ही गाडी न्हाई, आठवण हाय." बायकोला फार आनंद झाला. मी महिनाभर सोपानशी बोललो नाही.

गेल्या माघात त्याच्या लेकीसाठी, कोमलसाठी, मुलाचं घर बघायला जायचं ठरलं, तेव्हा त्याची बायको नंदाबाई आदल्या दिवशीच माझ्याकडे आली. आधीची दोन स्थळं सोपानच्या जिभेने घालवली होती. एका ठिकाणी तर होणाऱ्या व्याह्यांच्या नव्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून हा ट्रॅक्टर आजारी आहे असं त्यांना तोंडावर सांगून आला होता. या वेळचा मुलगा, समर्थ, कोमलला मनापासून आवडला होता. "मास्तर, तुमी फकस्त त्यांचं त्वांड सांभाळा," नंदाबाई म्हणाली. मी हो म्हणालो. चूक माझीच.

सोपान आणि मी दोघंच गेलो. घर धरणाच्या काठावर होतं. अंगणात पाऊल टाकलं आणि मी सोपानची बाही धरली. लोखंडी स्टँडवर ताज्या निळ्या रंगातली बोटीची मोटर बसवलेली, तिला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. समर्थचे वडील खंडूआबा कौतुकाने सांगू लागले. मोटर जुनीच घेतली, पण त्यानंतर पाण्यात दोनदाच उतरली. बोटीची परवानगी काही मिळाली नाही. आता तळेगावचं गिऱ्हाईक तयार आहे, पण ते सोपानच्या शब्दावर अडून बसलंय. तेव्हा व्याह्यांनी फोनवर चांगली आहे एवढं सांगावं, बास.

मी सोपानचा पाय दाबला. त्याने पाय बाजूला घेतला आणि पोह्यांची ताटली खाली ठेवली. आज शुभ दिवस, हत्याराला हात नको, असं मी म्हणून पाहिलं. पाना म्हणजे काही हत्यार नव्हे, असं म्हणत त्याने खिशातून पानाच काढला. मुलीच्या सोयरिकीला हा माणूस खिशात पाना घालून आला होता!

त्याने दोन्ही प्लग काढले, हुंगले, उन्हात धरले. एकाच्या टोकाला चंदेरी कण चिकटले होते. मग बॅटरी लावून प्लगच्या भोकात डोकावला. आत उभे ओरखडे. मग भोकावर अंगठा दाबून समर्थला दोरी ओढायला लावली. वरच्या भोकातल्या हवेने अंगठा उडवला. खालच्यातून नुसतं फुस्स झालं. त्याने पुन्हा ओढायला लावली. पुन्हा फुस्स. शेवटी नखाने निळा रंग जरा खरवडला, तर खालचा जुना रंग भाजून फुगलेला.

"आबा, ही अंगणात किती येळा चालवलीया?" त्याने विचारलं.

आबा खुलले. दसरा, पाडवा, गणपतीला आलेले पाहुणे, प्रत्येक सोयरा. चहाबरोबर मोटर चालू करून दाखवायचीच. आवाज पार वेशीपर्यंत जायचा म्हणे. शेतातल्या इंजिनासारखी त्यांनी ही मोटर कोरड्या अंगणात फिरवली होती, आणि ती बिचारी खालून पाणी ओढलं तरच थंड राहणारी.

सोपानने प्लग परत बसवला, पुन्हा काढला. त्याला बोलण्याआधी विचार करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. कोमलचा चेहराच त्याच्यासमोर आला असणार. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, पण त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं, बाबा रे, आजच्या दिवस खोटं बोल.

"आबा, पिष्टन घासलाय," तो हळूच म्हणाला. "पाण्याबिगर भाजलीया ही. मी चांगली म्हनलो, तर त्यो मानूस पोराबाळांना घिऊन मधल्या पाण्यात अडकंल."

आबांचा चेहरा उतरला. समर्थ दोरी हातात धरून तसाच उभा. संपलं सगळं, आता नंदाबाईला काय तोंड दाखवायचं, या विचाराने मी चपला शोधू लागलो.

तेवढ्यात समर्थची आई, शालूबाई, दारातून बाहेर आली. तीन वर्षं ती नवऱ्याला हा धडधडाट बंद करा म्हणून सांगत होती, आणि घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. तिने सोपानकडे नीट पाहिलं.

"पोरगी बापावर गेलीया का?"

मी घाईघाईने मध्ये पडलो. पोरगी अगदी मवाळ, शब्दाला शब्द देणार नाही, असं सांगू लागलो.

"मास्तर उगा बोलत्यात," सोपान म्हणाला. "तिच्याफुडं मी मुका हाय."

शालूबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मंग तारीख लवकरची काढा," ती म्हणाली. "मी एकटी किती दिस बोलू?"