खोल्या कुणाच्या नावावर?

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगरच्या रजिस्ट्रार कचेरीत एक शेतकरी बायकोला घेऊन माझ्या पुढे होता, आणि माझं काम खोळंबलं होतं. नागापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने द्यायला त्याने चार खोल्या घेतल्या होत्या.

"माज्याच नावावर करा," म्हणत त्याने अंगठ्याला शाई लावली आणि हात मध्येच थांबवला. "नगं. माज्यामागं पोरं भांडत्याल." अंगठा धोतराला पुसला. मग भावाशी भागीदारी ठरली, मोडली. मग खंडोबाचं नाव. "पर देव भाडं मागाया जायाचा न्हाई!" धोतरभर निळे ठसे उमटले.

शेवटी बायकोचं नाव ठरलं. तिने अंगठा उठवला, पदर सारखा केला.

"बरं झालं. आता रुसल्यावर म्हायेर गाठाया नगं. माज्या खोल्या हायेत."

शाई नसलेला अंगठा तो पुन्हा धोतराला पुसू लागला.